ताईचा स्वस्तातला मदरबोर्ड

खडकीच्या कामगार वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत दोन तऱ्हांची मराठी नांदायची. आईबाबा अकोल्याकडचे. बाबांना दारूगोळ्याच्या कारखान्यात सुतारखात्यात नोकरी लागली म्हणून ते पुण्याला आले, पण जीभ तिकडचीच घेऊन आले. आई 'मले', 'तुले', 'काऊन' म्हणायची आणि चिडली की तिचं 'बाप्पा बाप्पा' वरच्या पट्टीत जायचं. मी आणि वंदनाताई आपसात शाळेतलं पुणेरी बोलायचो. शेजारच्या रशीदाकाकूंचं घराणं मात्र कित्येक पिढ्या पुण्यातलं, त्यामुळे आमच्या जिन्यावरची सगळ्यांत शुद्ध आणि सगळ्यांत टोचरी मराठी त्यांची. आईच्या मिरचीच्या फोडणीनं सबंध मजला खोकायला लागला की त्या दारात येऊन विचारायच्या, "अहो वहिनी, कारखान्यात दारूगोळा कमी पडला का, की घरीच करायला घेतलात?" आणि बोलता बोलता वाटी पुढे करायच्या, कारण आईचा पातोड्यांचा रस्सा त्यांचा जीव की प्राण. बेसनाच्या वड्या घातलेला, वर लाल तवंग आलेला तो रस्सा मी आजही वाघोलीच्या घरी करते. इथे कुणी खोकत दारात येत नाही. दारं लावलेली असतात.

ताई माझ्याहून बरीच मोठी. स्नायू झिजत जाण्याचा आजार तिला लहानपणीच लागला होता. शाळा संपेपर्यंत भिंतीला धरून चालली, मग खुर्चीत बसली. मी सांगते त्या दिवसांत तिला हात उचलता येत नव्हते. कुणीतरी मनगट उचलून उशीवर ठेवून दिलं की बोटं मात्र चालायची, हलकी आणि नेमकी. घरी बसून, लेखनिक घेऊन ती बी.कॉम. झाली. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या कुणा बाईंनी तिच्याकडे बघून "बिचारी" म्हटलं, तर ताई लगेच म्हणाली, "बिचारी नाही, बी.कॉम." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. तिच्या आजारपणाच्या कहाण्या सांगणारे भेटतात तेव्हा मला हे आधी सांगावंसं वाटतं, की ताई सोशिक वगैरे अजिबात नव्हती. ती फटकळ होती, खादाड होती, आणि तिला प्रत्येक गोष्ट उघडून आत काय आहे ते बघायचं असायचं. उघडायला हात माझे लागायचे, एवढंच.

त्या वर्षी घरात एक विषय दबक्या आवाजात चालू होता. आईला जवळच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळत होतं. बाबा पहाटेच्या पाळीला जायचे, माझं कॉलेज सुरू झालं होतं. मग ताईला दिवसभर एकटं कसं ठेवायचं? मूर्तिजापूरहून मामा आला, दोन दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "पोरीले आमच्याकडं पाठवून दे. घर मोठं आहे, पाहायले माणसं आहेत." मामाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आतल्या खोलीत ताईनं ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिला गप्प बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. जेवताना, आई तिला घास भरवत असताना, ती म्हणाली, "आई, मी नाही जाणार. मी काम करणार."

"काय काम करशील वं?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"टायपिंग. बोटं आहेत ना अजून."

बाबांनी हात धुतले. पुढच्या रविवारी ते खात्यातल्या एका सोबत्याला घेऊन तपकीर गल्लीत गेले आणि जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर रिक्षातून घेऊन आले. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की यातला मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसवतात ती मुख्य पाटी, एकदम स्वस्तातली आहे; नाव कुणी ऐकलेलं नाही, सोबत माहितीचं पुस्तकही नाही. बाबांनी खात्यातल्या उरलेल्या फळीचं टेबल केलं, त्याला ताईच्या खुर्चीचे हात आत जातील अशी खाच ठेवली आणि कडा इतक्या घासल्या की त्यावर गाल टेकला तरी टोचू नये. कीबोर्ड तिच्या बोटांखाली बरोबर बसला. ताई शिकली मात्र झपाट्यानं. पावसाळा सरेपर्यंत ती माझ्या दुप्पट वेगानं टाईप करायला लागली.

अडचण एकच होती, आणि ती इतकी क्षुल्लक की सांगायला लाज वाटावी. कॉम्प्युटर चालू करायचं बटण खाली डब्यावर होतं आणि ते दाबायला ताईला हात नव्हता. आम्ही घरात असलो तर प्रश्न नव्हता. पण लाइट गेली की यंत्र बंद पडायचं, आणि आल्यावर कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत ताई काळ्या पडद्यासमोर बसून राहायची. आई बाजारात गेली असली की ती खिडकीतून रशीदाकाकूंना हाक मारायची. काकू कधीही नाही म्हणाल्या नाहीत. हातातलं पीठ तसंच घेऊन यायच्या, कोपरानं बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "आलं बाई तुझं यान जमिनीवरून वर." ताई हसायची. त्या गेल्या की मला म्हणायची, "शुभा, पाण्यासाठी हाक मारायला मला काही वाटत नाही. पण काम करायलासुद्धा हाक मारायची म्हणजे मग ते काम माझं कुठे राहिलं?"

तो निळा पडदा आम्हाला अपघातानं सापडला. एका सकाळी मी बटण दाबलं तेव्हा ताईचं बोट चुकून डिलीटच्या कळेवर टेकलेलं होतं. नेहमीची चित्रं उमटण्याऐवजी सबंध पडदा निळा झाला आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत इंग्रजी नावांच्या रांगा आल्या. मी घाबरून बटणाकडे हात नेला. "थांब," ताई म्हणाली, "काहीतरी उघडलंय." ते बायोस होतं. यंत्र जागं होताना सगळ्यांत आधी काय करायचं, कशाला वीज द्यायची, कशाची वाट बघायची, हे सगळं तिथे ठरवून ठेवलेलं असतं, हे आम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की आमच्या यंत्राच्या पोटात आणखी एक घर आहे आणि तिथे कुणी जात नाही. ताई बाणांच्या कळांनी एकेका ओळीवर जायची, वाचायची आणि मला अर्थ लावायला सांगायची. मला येत नसे. मग ती स्वतःच लावायची. कितीतरी ओळी महागड्या मदरबोर्डांवर लपवून ठेवलेल्या असतात, असं पुढे एका जाणकारानं मला सांगितलं. आमच्या स्वस्तातल्या पाटीवर कुणी काही लपवण्याचे कष्टच घेतले नव्हते. सगळं उघड्यावर मांडलेलं, चुकीच्या स्पेलिंगांसकट.

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याचा बट्ट्याबोळ केला. मेमरीच्या वेगाची कुठलीशी ओळ बदलली आणि पडदा काळा झाला तो झालाच. पंखा फिरायचा, बाकी सामसूम. आई कपाळाला हात लावून बसली. बाबांनी सोबत्याला बोलावलं. त्यानं डबा उघडला, पाटीवरचा रुपयाएवढा सेल काढला, चहा होईपर्यंत बाजूला ठेवला आणि परत बसवला. यंत्र नव्यासारखं सुरू झालं. ताई एकटक बघत होती. "म्हणजे काहीही बिघडवलं तरी सेल काढला की सगळं पहिल्यासारखं?" तिनं विचारलं. "सगळं म्हणजे, तिथं बदललेलं सगळं," तो म्हणाला. ताईचा चेहरा असा उजळला की आई पुटपुटली, "झालं. आता ही थांबत नाही."

खरंच थांबली नाही. लाइट गेल्यावर काय करायचं याची एक ओळ होती: बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी होतं तसं व्हायचं. ताईनं 'चालू' ठेवलं. त्या संध्याकाळी ताई आतल्या खोलीत पडली होती आणि आई बाहेर एकटीच तांदूळ निवडत होती. लाइट गेली, आली, आणि टेबलाखालचा डबा आपला आपण घुरघुरायला लागला. आई सूप टाकून जिन्यावर पळाली. "बाई वं, हे आपोआपच चालू होऊन राहिलं! कोणी हात नाही लावला!" रशीदाकाकू आत डोकावल्या, पडद्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "भूत असेल तर शिकलेलं आहे, वहिनी. घाबरू नका." आत ताई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला तिला उठवून बसवावं लागलं.

पण तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच ओळीत. यंत्र कशानं चालू व्हावं, याची ती ओळ होती. पुढे पर्याय: फक्त बटण, कुठलीही कळ, किंवा पासवर्ड. ताईनं तो शब्द दोनदा मोठ्यानं वाचला. कुठलीही कळ! तिनं ते निवडलं, यंत्र बंद केलं आणि कीबोर्डवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. दुसरी कळ, तिसरी. काही नाही. मी म्हटलं, "स्वस्तातलं आहे ताई, नुसतं लिहिलं असेल." ती ऐकायला तयार नव्हती. खूप वेळ कीबोर्डकडे बघत बसली. मग म्हणाली, "यंत्र बंद असताना याचा दिवा लागत नाही. म्हणजे याला वीजच जात नाही. झोपलेल्याला उठवायचं तर उठवणारा जागा नको? याला जागं ठेवायची सोय कुठेतरी असणार."

मग आम्ही डबा उघडला. आधी भिंतीतला प्लग काढायला लावला तिनं, आणि काढलाय की नाही ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी डबा आडवा करून टेबलावर ठेवला, आईचं सुई ओवायचं भिंग घेतलं, आणि पाटीवरची पांढरी बारीक अक्षरं तिला वाचून दाखवायला लागले. मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं ती. आई पोळ्या लाटता लाटता मध्येच विचारायची, "काय शोधून राहिल्या वं?" आणि आम्ही दोघी एकदम म्हणायचो, "थांब ना!" कीबोर्डची वायर जिथे लागते त्याच्या मागे तीन बारीक टाचण्या उभ्या होत्या. त्यांतल्या दोन टाचण्यांवर एक काळी टोपी बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. शेजारी काहीतरी छापलं होतं, त्यातलं 'केबी' मला वाचता आलं. "कीबोर्ड!" ताई ओरडली. "टोपी कुठल्या दोघींवर आहे? पहिलीवर आणि मधलीवर? मग काढ आणि मधलीवर आणि तिसरीवर घाल." माझी बोटं घामानं घसरत होती. टोपी एकदा आत पडली, ती आईच्या केसांच्या पिनेनं काढली. शेवटी बसली. डबा बंद केला, प्लग लावला, ताईचं मनगट उशीवर ठेवलं आणि मी बाजूला झाले.

तिनं बोट टेकवलं. खाली पंखा घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली.

ताई नुसती पडद्याकडे बघत होती. आई पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "कोणं चालू केलं?" ताई म्हणाली, "मी." पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली, बरेच आनंद वाट्याला आले, पण 'मी' हा एवढासा शब्द इतक्या तोऱ्यात म्हटलेला मी पुन्हा ऐकला नाही.

'कुठलीही कळ' फार दिवस टिकलं नाही, कारण आई कीबोर्डवरून फडकं फिरवायची आणि यंत्र जागं व्हायचं. मग ताईनं तिसरा पर्याय घेतला, पासवर्ड. तो टाकला तरच यंत्र उठणार. त्याचा एक परिणाम आम्हाला ठाऊक नव्हता. दुपारी बाबा पाळीवरून आले, चहा घेतला, आणि नेहमीसारखे कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "गेला वाटते," ते हताश होऊन म्हणाले. ताईनं मला खुर्ची पुढे न्यायला सांगितलं, कळा दाबल्या, आणि यंत्र सुरू झालं. पासवर्ड असला की त्या पाटीवर बटणाला काही किंमतच उरत नव्हती. घरातल्या धडधाकट हातांपैकी एकालाही ते यंत्र चालू करता येत नव्हतं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं रागावतील. ते स्टुलावरून उठले, खुर्चीपुढे वाकले आणि म्हणाले, "मॅडम, दोन डाव खेळले तर चालते का?"

तो पासवर्ड तिनं कधी कुणाला सांगितला नाही, मलाही नाही. तेव्हा मला जरा राग आला होता. आता कळतं. तिला आंघोळ आम्ही घालायचो, कपडे आम्ही बदलायचो, तिला खाज कुठे येते तेसुद्धा तिला आम्हाला सांगावं लागायचं. तिचं म्हणून कुलूप लावलेलं असं या जगात काहीच नव्हतं. पासवर्डच्या रूपानं तेवढं एक झालं.

हडपसरला एक कार्यालय होतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेली टिपणं ऐकून ती टाईप करण्याचं काम ते देत. ताईनं अर्ज केला, परिस्थिती स्पष्ट लिहिली. तिथल्या देवधरबाईंचा रशीदाकाकूंकडे फोन आला, की घरी येऊन बघू, कोणता दिवस सोईचा? ताईनं काकूंना निरोप दिला, "गुरुवारी या म्हणावं."

"गुरुवारी?" आई किंचाळलीच. "गुरुवारी लाइट राहत नाही! दुसरा दिवस सांग नं."

"म्हणूनच गुरुवार," ताई म्हणाली. "त्यांना तेच बघायचं असेल. उगाच चांगला दिवस दाखवून काय करू?"

देवधरबाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात पिशवी, बोलणं मोजकं. ताईनं त्यांना टाईप करून दाखवलं. त्यांनी मान हलवली. आईनं पन्हं दिलं. मग लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि सगळ्या खोलीत ग्लास खाली ठेवल्याचा आवाज तेवढा राहिला.

"हे रोज होतं का?" बाईंनी विचारलं.

"गुरुवारी नक्की. एरवी लाइटच्या मर्जीवर," ताई म्हणाली.

"आणि आपण घरी एकट्या असताना मशीन बंद पडलं, तर आपण काय करणार?"

"लाइट आली की दाखवते. आपल्याला वेळ आहे ना?"

बाई थांबल्या. आम्ही उकाड्यात बसून राहिलो. आईनं कधीतरी अकोल्याच्या उन्हाचा विषय काढला, बाईंनी "हो का" म्हटलं, तो विषय तिथेच संपला. मी मनातल्या मनात सारखी म्हणत होते, लाइट आली की ते आपोआप चालू होईल आणि या बघतच राहतील. अखेर पंखा हलला. डब्यात घरघर सुरू झाली, आणि तेवढ्यात लाइट डोळा मिटल्यासारखी जाऊन परत आली. या वेळी डबा गप्प. त्या झटक्यात त्या स्वस्त पाटीचा काहीतरी गोंधळ उडाला होता. पंखा डोक्यावर फिरतोय, आणि पडदा काळा. देवधरबाईंनी घड्याळ बघितलं नाही, पण पिशवी मांडीवर घेतली. मी सवयीनं उठले.

"शुभा, बस," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "बटण चालत नाही, माहीत आहे ना तुला." मग बाईंकडे वळून म्हणाली, "ते आपोआप उठायला हवं होतं. कधी कधी उठत नाही. म्हणून दुसरी सोय ठेवलीय." तिची बोटं कळांवरून चालली, सावकाश, एकेक. पाचवी कळ दाबली आणि खाली पंखा घरघरला.

देवधरबाई उठून टेबलाच्या मागे गेल्या, वाकून डबा बघितला, ताईचे उशीवरचे हात बघितले. "हे कुणी करून दिलं आपल्याला?"

"मी केलं. हात हिचे." ताईनं डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं.

"आमच्या हडपसरच्या ऑफिसात," बाई म्हणाल्या, "लाइट गेली की चाळीस माणसं चहाला जातात आणि तासभर परत येत नाहीत. त्यांना शिकवायला याल का, असं विचारलं असतं, पण तेवढ्यात आमचं काम राहायचं." मग पिशवीतून त्यांनी एक सीडी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही सोमवारपर्यंत द्या."

ताईनं ते काम पुढे कितीतरी वर्षं केलं. यंत्रं बदलली, बोटं हळूहळू मंदावली, शेवटी शेवटी ती दोनच बोटांनी टाईप करायची आणि तरी तिच्या पानांत चूक सापडायची नाही. तिला जाऊनही आता बराच काळ झाला. मामाकडे ती गेली, पण दिवाळीत, आठवडाभर, पाहुणी म्हणून. आणि आल्यावर म्हणाली, मामीचा वडाभात आईपेक्षा चांगला होतो. आई दोन दिवस बोलली नाही.

आईच्या नोकरीचा पहिला दिवस मला स्पष्ट आठवतो. सकाळी मी ताईच्या कानाला हेडफोन लावले, सीडी घातली, हात उशीवर ठेवले. दुपारी जेवणापाण्याला रशीदाकाकू येणार होत्या. आईनं गॅस तीनदा बघितला, खिडकीची कडी बघितली, ताईच्या कपाळावरचे केस मागे केले, ते परत पुढे आले, परत मागे केले. "आई, जा आता," ताई म्हणाली. आम्ही दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या वळणावर आलो. तिथे आई थांबली. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. मला वाटलं आता ही परत फिरणार, पदर खोचून घरात जाणार आणि शाळेच्या स्वयंपाकघराला नाही म्हणणार. वर दारामागून कीबोर्डचा आवाज यायला लागला. आधी तुटक, मग सलग, पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखा. आईनं मान वर करून तो ऐकला, बराच वेळ ऐकला. मग पदरानं तोंड पुसलं आणि पहिली पायरी उतरली.

"चाल," ती मला म्हणाली. "तिले काम आहे."